नवं म्यान शिवून घेताना

सुरी कुठली घ्यावी यावर माणसं तासन्‌तास बोलतात. पोलाद कुठलं, पातं किती जाड, मूठ शिसवीची की बाभळीची, धार किती दिवस टिकते. म्यानाबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ते सुरीबरोबर येतं आणि फाटलं की मिळेल ते अडकवलं जातं. वनखात्याच्या नोकरीत सुरी कायम माझ्या कमरेला असायची. दिवसातून थोडा वेळ ती हातात, बाकी सारा वेळ म्यानात. तिला गंज चढतो तो म्यानात, धार मरते ती म्यानात, आणि माणसाला ती लागते तीही बऱ्याचदा म्यानात घालताना नाहीतर काढताना. म्हणून सुरी निवडण्यापेक्षा म्यान निवडणं मला अवघड वाटत आलं आहे.

माझी सुरी उमरग्याकडच्या एका लोहाराने ट्रकच्या पाट्यातून घडवलेली. पाट्याचं पोलाद चिवट असतं. दगडावर आपटलं तरी कपची उडत नाही, आणि धार घरच्या घरी दगडावर लागते. पण ते गंजतं. पावसाळ्यात रात्रभर ओलं राहिलं की सकाळी पात्यावर तांबूस ठिपके दिसतात. बाजारात मिळणाऱ्या स्टेनलेसच्या सुरीला कसलंही कव्हर चालून जातं, पाट्याच्या सुरीला चालत नाही. आमच्या भागात शेतकऱ्याकडे, मेंढपाळाकडे, ऊसतोड्याकडे असतं ते हत्यार याच जातीचं, त्यामुळे हे सगळं त्यांनाही लागू आहे.

म्यानाकडे लक्ष जाण्याचं कारण भूकंप. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं झोपलेली, आणि पहाटे तीन छप्पन्नला किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची, दोन-अडीच फूट जाड भिंतींची, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचं माळवद. दरवर्षी गळू नये म्हणून माती चढवत नेलेली. ती सगळी माती खाली आली. आम्ही उमरग्याकडची पोरं मिळेल त्या गाडीने सास्तूरला पोचलो. हाताशी टिकाव, फावडी, पहारी, आणि ज्याच्या त्याच्या कमरेची सुरी. सुरीचं काम किती निघतं हे तिथं कळलं. दावणीला बांधलेली जनावरं ढिगाऱ्याखाली अर्धी गाडली होती, त्यांची दावी कापायची. बाजेच्या सुंभात पाय अडकलेला माणूस ओढून निघत नाही, सुंभ कापावं लागतं. लुगडं, गोधडी, मच्छरदाणी, सगळं कापूनच बाजूला करावं लागायचं.

आमच्यातल्या एकाच्या सुरीचं म्यान कापडाचं होतं, वर बंद नव्हता. दोन तुळयांच्या मधल्या फटीतून तो पोटावर सरकत आत गेला आणि सुरी मागच्या मागे निसटली. मातीत टोक वर करून ती पडलेली, आणि मागून येणारा माणूस अंधारात हात टाकत पुढे येत होता. थोडक्यात वाचला. मग पाऊस आला. आणखी एकाचं म्यान चामड्याचं, चांगलं घट्ट शिवलेलं, पण खाली भोक नव्हतं. पाणी आत साठलं, चामडं फुगलं, आणि सुरी अशी धरून बसली की एकाने म्यान धरायचं आणि दुसऱ्याने मूठ ओढायची. एक म्यान सुरी सोडून देत होतं, दुसरं सोडायला तयार नव्हतं. पुढच्या सगळ्या वर्षांत नवं म्यान हातात घेतलं की या दोन गोष्टी मी आधी बघत आलो. ते उलटं धरून जोरात झटकलं तर सुरी पडते का? आणि ओल्या हाताने, न बघता, एका हाताने ती निघते का?

पुढे वनखात्यात लागलो. येडशीचं रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, बावीसेक चौरस किलोमीटरचं. बालाघाटाच्या उतारावरचं हे जंगल विदर्भातल्या माणसाला झुडपी वाटेल, पण आमच्यासारख्या अवर्षणाच्या जिल्ह्याला तेवढंच आहे. सुरी तिथं रोज लागायची: बांबूच्या कामट्या, रोपांच्या पिशव्या, दोर, पुंजक्याने वाढलेली घाणेरी, आणि वाटेवर कुणी लावून ठेवलेले फासे. फासा तारेचा असला तर पक्कड लागते. पण नायलॉनच्या दोरीचा असला आणि त्यात जिवंत जनावर धडपडत असलं तर एका हाताने जनावराच्या तोंडावर कापड धरायचं आणि दुसऱ्या हाताने सुरी काढायची. अशा वेळी बटण काढायला दुसरा हात लागला तर म्यान फुकट. सुरी परत ठेवतानाही तेच. डोळे जनावरावर, आणि टोकाने म्यानाचं तोंड शोधायचं. म्यानाचं तोंड ताठ उघडं राहणारं हवं. मऊ चामड्याचं तोंड मिटतं, टोक बाहेरून घसरतं आणि थेट मांडीकडे जातं.

चामड्याचा दर्जा ओळखायला मी शिकलो तो धाराशिवच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी पहिल्याच भेटीत माझं बाजारातून आणलेलं म्यान रापीने कडेला जरासं छाटलं आणि कड माझ्यापुढे धरली. वरून झकास तपकिरी, आत राखाडी-निळसर. "हे क्रोमचं हाय. बुटाला बेस, पिशवीला बेस. सुरीला न्हाई. ह्याला आकार दिला तर धरत न्हाई, आन्‌ पात्याला खातंय." झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं आतपर्यंत एकाच तपकिरी रंगाचं असतं. कोमट पाण्यात भिजवून सुरीभोवती दाबलं आणि सावलीत वाळू दिलं की ते त्या सुरीचा आकार धरून ठेवतं. क्रोमचं मऊच्या मऊ राहतं. आणि कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल नीट धुतले नसले की ते चामड्यात राहतात आणि ओल मिळाली की लोखंडावर काम सुरू करतात.

झाडाच्या सालीची कमाई पूर्वी आमच्या गावागावांत व्हायची. तरवड बालाघाटाच्या माळावर आपोआप उगवतो, नवरात्रात त्याच्या पिवळ्या फुलांची माळ आमच्याकडे घटाला घालतात. त्याची साल, बाभळीची साल आणि हिरडा यांवर हे काम चालायचं. कातडं चुन्याच्या खड्ड्यात ठेवून केस काढायचे, मग त्याचीच पिशवी शिवून आत सालीचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी झिरपत राहायचं, पुन्हा वरून ओतायचं, पिशवी उलटी टांगायची. ढोर समाजातल्या घरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं. घाण वासात, चुन्याने हात सोलून घेत. आणि त्या बदल्यात गावाने त्यांना गावाबाहेर ठेवलं. त्यांची मुलं शिकून दुसऱ्या कामाला गेली, ते योग्यच झालं. जुनं चामडं आता मिळत नाही अशी हळहळ मी लोकांच्या तोंडी ऐकतो, तेव्हा ते काम करणाऱ्याचं काय होत होतं हेही त्याच दमात बोललं पाहिजे असं मला वाटतं.

सालीचं चामडं म्हणजे सगळं निर्धोक असंही नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळी शाई होते, पूर्वी शाई तशीच करत. म्यानातही तेच घडतं. पाट्याची सुरी ओल्या चामड्यात राहिली की पात्यावर निळे-काळे डाग पडतात आणि चामड्याच्या आतली बाजू काळी होते. डाग पडले म्हणून सुरी खराब झाली असं नाही, पण ते ओल आत असल्याची खूण आहेत. पावसाळ्यात मी सुरी रात्री म्यानात ठेवत नाही. पातं पुसून, तेलाचा हात फिरवून, सुती फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवतो, आणि म्यान तोंड खाली करून टांगतो.

तेल कुठलं हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडे घरात करडईचं तेल असतं, आणि हात आपोआप त्याच्याकडे जातो. करडईचं तेल हवेत सुकतं आणि त्याचा चिकट पापुद्रा होतो. तो म्यानाच्या आत बसला की त्याला काळ्या मातीची धूळ चिकटते, आणि मग सुरी आत-बाहेर करताना दरवेळी धार त्या धुळीवर घासली जाते. एरंडेल सुकत नाही. ते जाड आहे, म्हणून एक थेंब बोटावर घेऊन चोळायचं, पुन्हा कोरड्या फडक्याने पुसायचं. चामड्याला बाहेरून मेण आणि थोडं एरंडेल. तेलात बुडवलेलं म्यान लोकांना छान वाटतं, पण ते आठवड्याभरात लोळागोळा होतं आणि तोंड मिटायला लागतं.

उस्मानाबादी शेळीच्या कातड्याचं म्यान का नाही, असं मला पुष्कळ जण विचारतात. शेळी आपल्या जिल्ह्याची, काळी, काटक, जुळी देणारी, देशभर नाव असलेली. कातडंही चांगलं. पण पातळ. पाकिटाला, अस्तराला उत्तम, सुरीचं टोक मात्र त्यातून सहज बाहेर येतं. म्यानाला तीन ते चार मिलिमीटर जाडीचं चामडं हवं, ते म्हशीचं. पूर्वी बैलाचंही मिळायचं. २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून जाड चामडं मागितलं की मामांकडे म्हशीचंच निघायचं.

मामांनी शिवलेलं म्यान मी शेजारी बसून बघितलं आहे. सुरी कागदावर ठेवून त्यांनी भोवती पेन्सिल फिरवली, धारेच्या बाजूने बोटभर जास्त जागा सोडली. चामडं कापलं. मग त्याच चामड्याची एक अरुंद पट्टी काढली आणि धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये बसवली. सगळं म्यान त्या पट्टीवर अवलंबून असतं. पट्टी नसेल तर सुरीची धार दरवेळी सरळ दोऱ्यावर येते, दोरा एक-एक टाका कापत जातो, आणि एक दिवस म्यान धारेकडून उकलतं. पट्टी असली की धार चामड्यावर टेकते. टोकाकडे त्यांनी पट्टी जास्त रुंद ठेवली, कारण सुरी आत ढकलताना सगळा जोर तिथे येतो. मग आरीने भोकं पाडली आणि मेण लावलेल्या एकाच दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया ओवून शिवायला घेतलं. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. यंत्राची शिलाई एका जागी तुटली की सरसर उसवते, ही उसवत नाही, कारण एका बाजूचा दोरा तुटला तरी दुसऱ्या बाजूचा त्याच भोकातून गेलेला असतो. शेवटी टोकाशी आरीने एक भोक ठेवलं. "पाणी जायला वाट पायजे," एवढंच म्हणाले. सास्तूरची गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती.

ते गेल्यावर त्यांच्या जागी बसणारा कुणी आला नाही. मधल्या काळात आम्ही सगळ्यांनी नाना प्रकार करून बघितले. नायलॉनचं कव्हर स्वस्त, हलकं, लवकर वाळतं, आणि आत प्लॅस्टिकची पट्टी असली तर धारेलाही टिकतं. पण वणव्याच्या दिवसांत ते आमच्या कामाचं नाही. फाल्गुन-चैत्रात गवत वाळून कोळ झालेलं असतं, फांद्यांनी आग झोडपताना ठिणग्या उडतात, आणि नायलॉनला ठिणगी लागली की भोक पडून कडा टणक होतात. चामडं करपतं, वितळत नाही. ऊसतोडीला जाणारे लोक कोयत्याला टायरच्या ट्यूबचा तुकडा चढवतात. प्रवासात गाडीत लेकरं बसलेली असतात, त्यांच्यासाठी ते चांगलंच आहे, कोयत्याला काहीच न बांधण्यापेक्षा हजार पटींनी चांगलं. फक्त रबर ओल कोंडून धरतं, म्हणून फडात पोचल्यावर ते काढून ठेवावं.

पीव्हीसी पाइपाचं म्यान हा आमच्या भागातला सर्वांत उपयोगी शोध आहे असं मी म्हणेन. शेतात पाइपाचे तुकडे पडलेलेच असतात. पात्याच्या रुंदीला बसेल असा तुकडा घ्यायचा, आचेच्या वर लांबून धरून मऊ करायचा, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा करायचा, आणि ऊन असतानाच कागदात गुंडाळलेली सुरी आत घालून आकार बसवायचा. मुठीच्या सुरुवातीला जरा दाबून धरलं की सुरी आत जाताना टक्‌ असा आवाज होतो आणि ती बंदाशिवाय अडकून बसते. हे उघड्यावर आणि मंद आचेवरच करायचं. पाइप जळू दिला तर निघणारा धूर घशाला आणि फुप्फुसांना घातक असतो. हे म्यान पाणी पीत नाही, फुगत नाही, साबणाने धुता येतं. कमतरता एकच, पण मोठी. आत गेलेला खडा चामड्यातल्यासारखा रुतून बसत नाही, तो पात्यावर ओरखडे काढत राहतो. दर दोन-चार दिवसांनी पाण्याने धुवायचं म्हणजे झालं. रोपवाटिकेत, पावसात, गाळात काम असेल तर मी पाइपाचंच म्यान घ्यायला सांगतो. रानात, आगीजवळ, जिथे खडखड आवाज नको तिथे चामड्याचं.

दूरदूरच्या लोकांनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. नेपाळी खुकरीचं म्यान आतून लाकडाचं, वर म्हशीचं चामडं, टोकाला धातूची टोपी. आपल्या जुन्या तलवारींची म्यानंही आत लाकडाच्या दोन पट्ट्या आणि वर चामडं किंवा मखमल अशीच असत. लाकूड धारेला बोथट करत नाही आणि वाकत नाही. फिनलंडमधल्या पुक्को सुरीचं म्यान इतकं खोल असतं की अर्ध्याहून जास्त मूठ आत जाते, मग बंद-बटण काही लागत नाही. खुकरीवाल्यांचा एक नियम आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो: सुरी काढताना म्यान पाठीच्या बाजूने धरायचं, धारेवरून बोटं वळवायची नाहीत. शिवण झिजलेली असेल तर धार तिथूनच बाहेर येते, आणि बोटं नेमकी तिथे असतात.

म्यानाचा संबंध कायद्याशीही येतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं, घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं सोडून. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७व्या कलमाखाली सण, निवडणुका, आंदोलनं अशा वेळी हत्यार बाळगायला बंदी घालणारा आदेश निघतो. नवरात्रात तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या गर्दीत कमरेला सुरी लटकवून फिरणं कुणालाच नको वाटेल. म्हणून पट्ट्यावरून चटकन सुटणारं, पिशवीत तळाशी ठेवता येणारं म्यान असावं. काम संपलं की सुरी कमरेवरून उतरली पाहिजे.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून पुजायची पद्धत आहे. माझ्यासाठी म्यान तपासायचा दिवस तोच, कारण पाऊस नुकताच सरलेला असतो. पूजेआधी टाके बघायचे, आतून तार फिरवून माती काढायची, तोंड मिटलंय का बघायचं. एखाद-दुसरा टाका गेला असेल तर शिवून घ्यायचा. धारेच्या बाजूची पट्टीच कापली गेली असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नये, नवं करावं.

सध्या मी स्वतःच म्यानं शिवतो. मामांकडे बघून जेवढं शिकलो तेवढ्यावर. अलीकडे एका तरुण वनरक्षक मुलीने सुरी आणून दिली आणि म्हणाली, "काका, तुमच्या मापाचं नको." ती डावखुरी. पट्ट्याच्या डाव्या बाजूला अडकवायचं तर लूप आणि बंद दोन्ही उलट यायला हवेत, नाहीतर बंद काढताना अंगठा धारेकडे जातो. शिवाय ती दिवसभर मोटारसायकलवर. ताठ म्यान बसताना कुशीत टोचतं आणि मूठ बरगडीला लागते. तिला लूपला कडी हवी होती, म्हणजे बसलं की म्यान मांडीवरून खाली लोंबेल. मी म्हटलं, लोंबतं म्यान पळताना आपटत राहील. ती म्हणाली, मग खालच्या टोकालाही एक भोक ठेवा, पळायचं असेल तेव्हा दोरी ओवून मांडीला बांधेन. पाण्यासाठी भोक ठेवायचंच होतं, तेच थोडं मोठं पाडून कडेला रिंग ठोकली. पहिला नमुना जाड कागदाचा करून तिला चार दिवस वापरायला दिला आहे. मोटारसायकलवर बसून, वाकून, फासा कापायला गुडघ्यावर टेकून बघ म्हटलं. ती परत आली की चामडं कापायला घेईन.